नानांनी बांधावर येऊन सांगितलेली चूक

डॉक्टर नानांच्या गौरव समितीच्या भाऊंनो, माझा लेख लाल पेनाने खोडून परत पाठवलात, तो मिळाला. वर लिहिलंत, 'साठीच्या पुस्तकात डॉक्टरांची चूक शोभत नाही.' मग काय शोभतं? 'मनमिळाऊ, हसतमुख' हे तर तुम्ही सगळ्यांच्याच लेखात ठेवलं असेल. माझी शाळा चौथीपर्यंत. पण ती चूक काढली तर माझ्या लेखात नाना उरतच नाहीत, एवढं मला कळतं. म्हणून तीच पुन्हा लिहिते.

आमचे डॉक्टर नाना जळगावात रक्त आणि हाडांतला मगज तपासतात. चार वर्षांमागे आमच्या ह्यांची कंबर धरली, बरगडी नुसत्या खोकल्याने मोडली. सावद्याहून एसटीने नानांच्या लॅबवर गेलो. मी बाकावर दोन तास बसले आणि सरळ आत शिरले. "ओ डॉक्टर, माणूस बसल्या बसल्या मरंन ना!"

नानांनी काचेवरचा थेंब बघायच्या दुर्बिणीवरून डोकं वर केलं. "ताई, तुमच्याच माणसाची काच बघतोय. घाईत बघू का?"

मला परत बाकावर बसवणारे ते पहिलेच.

मायलोमा निघाला, म्हणजे मगजाचा कॅन्सर. मुंबईच्या दवाखान्यात औषधं झाली. तिथले म्हणाले, आता ह्यांच्याच रक्तातून मूळ पेशी काढून थंडीत ठेवू, मग जबर औषधाने मगज मारू आणि त्याच पेशी परत अंगात सोडू. मगज किती साफ झाला ते आधी जळगावात बघून या. नानांनी बघितलं, साफ लिहून दिलं. सोमवारी निघायचं ठरलं.

शनिवारी मी कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागणीसाठी, केळीचे कंद तासत होते. हे बाजूला खाटेवर पडलेले. बांधावरून नाना येताना दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. एवढे मोठे डॉक्टर कंदांच्या ढिगाशेजारी मातीत बसले. "ताई, मी चुकलो. काच परत बघितली. कडेला रोगाच्या पेशींचा झुबका आहे. माझ्या नजरेतून सुटला."

मी कसलं तोंड आवरते! "काहून साफ लिहिलं मंग? तुमच्या कागदावर आम्ही गाडीत बसलो असतो!"

"म्हणून तर आलो. चूक माझी, ती फोनवर कशी सांगू?"

हे खाटेवरून म्हणाले, "नाना, माह्याच पेशी मलेच द्यायच्या. त्यात वाईट काय?"

नानांनी माझ्या हातातला कंद घेतला. "ताई, रोगट बागेतला कंद लावाल?"

"लावंन काय! फेकून दीन."

"तसंच आहे. चांगल्या पेशी काढताना रोगाच्याही बरोबर येतात. तुम्ही कंद तासून औषधात बुडवता ना, तशा त्या धुवायचा प्रयत्न मोठ्या ठिकाणी चाललाय."

"मंग धुवा ना!"

"धुतल्याने माणूस जास्त जगतो, असं अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. कंद स्वच्छ लावला तरी वावरातच रोग उरला असेल तर? परत आला तर तो पेशींच्या पिशवीतून आला की अंगातून, मला माहीत नाही. आधी रोग अजून कमी करू, मग पेशी काढू, एवढं मात्र करावं असं वाटतं. मुंबईच्या डॉक्टरांशी मी बोललोय."

'मला माहीत नाही.' भाऊंनो, हेही तुम्ही खोडलंत. सगळं माहीत असलेले डॉक्टर मी पुष्कळ बघितले. मातीत बसून असं सांगणारा हा एकच. मी हातातला विळा खाली ठेवला.

औषधाच्या आणखी फेऱ्या झाल्या, मग पेशी काढल्या, परत सोडल्या. आज आमचे हे स्वतः बागेला पाणी धरतात. रोग परत येऊ शकतो, हे नाना दर तपासणीला सांगतात. पण त्या शनिवारपासून नाना कुणाचीही काच एकदा बघून भागवत नाहीत. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघतात, मगच सही करतात. बाकावरची माणसं उशीर झाला म्हणून कुरकुरतात. त्यांना आता मीच दटावते, "बसा गुमान!"

नाना, तुमची नजर आणि तुमचे गुडघे धडधाकट राहोत. आमच्या ह्यांची काच अजून कितीतरी वर्षं तुम्हीच बघायची आहे, तेव्हा आजारी पडायची तुम्हाला सोय नाही.

आणि भाऊंनो, येत्या शनिवारी आमची तपासणी आहे, मी जळगावात येते. चूक आणि 'माहीत नाही' दोन्ही जसंच्या तसं छापता की नाही, ते त्या दिवशी दुपारच्या आत मला लॅबवर येऊन सांगा. छापत नसाल तर कागद परत आणा. बाकावर बसलेल्यांना मी तो वाचून दाखवीन.