वणवा म्हणजे पाऊस नव्हे

डोंगरावर वाळून कडक झालेल्या गवताला तुम्ही काय म्हणता? सोनेरी म्हणत असाल, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत असाल, तर तातेरावांशी तुमची ओळख व्हायलाच हवी. तातेराव त्याला सरपण म्हणतात.

माणूस किनवटकडचा. तिकडच्या डोंगरांत वडील जंगलखात्याच्या रोजंदारीवर आग राखायला होते. फाल्गुनात हवा फिरली की बाप पुढं आणि पोरगं मागं, हातात खराटे. सातवीनंतर शाळा सुटली, पण वारा कुठून उठतो आणि आग कुठं वळते, हा अभ्यास तेवढ्यात पक्का झाला. पुढं हैदराबादेत बेगम बाजारात मिरचीची पोती उचलली, मलकपेठेत एका बंगल्याची बाग राखली, आणि गेली नऊ वर्षं शहराच्या पश्चिम टोकाला एका सोसायटीत माळी. सोसायटीच्या मागं मोठाल्या धोंड्यांचा डोंगर, गवतानं भरलेला. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर चाळीस पत्र्याची घरं. सोसायटीतली झाडलोट करणारे, गाड्या चालवणारे, पोळ्या लाटणाऱ्या, सगळे तिथलेच. तातेराव, त्यांची बायको विमलाबाई आणि लेक गीता यांचंही घर तिथंच. डोंगर सोसायटीच्या ताब्यात, त्याच्या खालचा जीव यांचा.

यंदा फाल्गुन बिथरलेला होता. सकाळी गारवा, दुपारी झळा, चार वाजता वावटळ, आणि संध्याकाळी एक थेंब न पाडता नुसता गडगडाट. गवत हातात घेतलं तर पापडासारखं मोडायचं. तातेरावांनी माथ्यावरूनच सोसायटीचे सेक्रेटरी अभिजीत यांना फोन लावला आणि भणाणत्या वाऱ्यात ओरडून सांगितलं, की लक्षणं बरी नाहीत, दोन-चार दिवसांत वणवा येतो. त्याच्या आत घरांच्या बाजूनं गवत कापून मोकळा पट्टा काढू द्या.

अभिजीत पुण्याचे, शिक्षण इंग्रजीतून, डोंगराची ओळख ट्रेकच्या बुटांतून. वणवा हा शब्द त्यांच्या घरात कधी आलाच नव्हता. पण बारा वर्षं हैदराबादेत काढल्यानं एवढं ठाऊक होतं, की तेलुगूत पावसाला ‘वाना’ म्हणतात. कामवाली दर जूनमध्ये तेच सांगत यायची. वाऱ्यातून त्यांच्या कानावर आलं ते ‘वाना येतो’. त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं, की आपल्या तातेरावकाकांच्या मते दोन दिवसांत पाऊस. बावन्न अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, शेवटी मातीतला माणूस तो मातीतलाच. मोबाइलमधल्या हवामानानंही एक ढग दाखवला, मग तर शंकाच उरली नाही.

पाऊस पक्का झाल्यावर सोसायटीनं दोन ठराव केले. गवत कापायचं नाही, पावसानं ते आपोआप हिरवं होईल. आणि यंदाची होळी पार्किंगमध्ये नको, माथ्यावरच्या सपाट खडकावर करू. भिजलेल्या डोंगराला काय होतंय.

होळीच्या दुपारी सांस्कृतिक समितीच्या शर्वरीताई गोवऱ्या मोजता मोजता तातेरावांना म्हणाल्या, "काका, तुमचा पाऊस आमची होळी विझवणार नाही ना?" माझा पाऊस? तातेरावांच्या डोक्यात उजेड पडला. तसेच अभिजीतकडे गेले.

"साहेब, मी पाऊस म्हणलोच नाही. वणवा म्हणलो. डोंगर पेटतो, त्याला वणवा म्हणतात."

अभिजीत आधी खळाळून हसले, मग समजुतीच्या सुरात आले. "काका, मी समजू शकतो हो. तुमच्यात होळी नसते ना, म्हणून तुम्हाला त्याची जरा जास्तच भीती वाटते."

हे ‘तुमच्यात’ तातेरावांनी जन्मभर ऐकलं होतं. पाण्यावरून ऐकलं, पेल्यावरून ऐकलं, भाड्याच्या खोलीवरून तर किती वेळा. आगीवरून पहिल्यांदाच ऐकत होते.

"हौ साहेब, आमच्यात होळी नसते," ते म्हणाले. "पण खाली घरं आमची आहेत."

होळी पेटली. फोटो आले. पहाटेपर्यंत तातेरावांचा डोळा लागला नाही. परवानगी नाही, पट्टा काढला तर नोकरी गेली, हे त्यांना लख्ख दिसत होतं. सकाळी विमलाबाईंनी विळा पुढ्यात टाकला. "नऊ वर्षं त्यांच्या गवताला पाणी घातलं. आता कापायला हात थरथरतो व्हय?"

धुळवडीचा दिवस. सोसायटी रंगांत बुडालेली, डोंगराकडं बघायला कुणाला सवड नाही. गीतानं वस्तीतल्या चौदा बाया गोळा केल्या, आणि शुद्धीवर असलेले पुरुष, ते दोन. विळे, खुरपी, खराटे. दुपारी एकपर्यंत मोठ्या धोंड्यापासून नाल्यापर्यंत बारा फूट रुंद, नुसती लाल माती दिसेल असा पट्टा निघाला.

अडीच वाजता वारा फिरला. माथ्यावरची राख थंड असायला हवी होती. समितीनं तिच्यावर बाटलीबंद पाणी ओतलं होतं, त्याचाही फोटो आहे. वाऱ्यानं राख उडवली आणि पोटातले निखारे उघडे पडले. पाच मिनिटांत अर्धा उतार धडधडत खाली आला. पट्ट्यापाशी येऊन आग बसली. खायलाच काही नव्हतं तिला. नाल्याजवळ एका जागी ठिणग्या पलीकडं पडल्या, तिथं गीता आणि बायांनी ओल्या पोत्यांनी झोडपून मारल्या. एका घराचं कुंपण गेलं. चाळीसच्या चाळीस घरं उभी राहिली. अग्निशामक गाडी सोसायटीच्या फाटकाशी आली, कारण रस्ता तिथंच संपतो.

आणि सगळं काळं झाल्यावर आभाळातून मोजून चार टपोरे थेंब पडले.

ग्रुपवर जल्लोष झाला. काकांचा पाऊस आला, पावसानं वाचवलं. पुढच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये पावसाच्या अचूक अंदाजाबद्दल तातेरावांना शाल आणि नारळ. दोन शब्द बोला म्हणाले. तातेराव उभे राहिले आणि बोलले, "पट्टा दर साली काढावा लागतो." टाळ्या पडल्या. बहुतेकांना वाटलं, आभार मानले. त्याच आठवड्यात कंत्राटदारानं चिठ्ठी आणून दिली: विनापरवाना हिरवळीचं नुकसान केलं, एक तारखेपासून येऊ नये. तोवर त्या डोंगरावर हिरवं असं एक पातंही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

नोकरीचं दुःख तातेरावांनी दोन दिवस केलं. आता नारायणगुड्याला एका शाळेची झाडं राखतात, दोन बस बदलून जातात. दुःख आहे ते पट्ट्याचं. सोसायटीला ती लाल माती डोळ्यांत खुपते. येत्या पावसाळ्यात पहिल्या रविवारी सकाळी सातला तिथं पुन्हा गवत लावायचं श्रमदान आहे, पोहे आणि टोपी फुकट. पावसाळ्यात लावलेलं गवत फाल्गुनात काय होतं, हे तुम्हाला आता सांगायला नको.

बोलावणं तुम्हालाही येईल. जाऊ नका. आणि जायचंच असेल तर डोंगराच्या मागच्या बाजूनं जा, सोबत विळा न्या आणि गीताला विचारा. पट्टा कुठून कुठवर आहे ते ती दाखवेल. तेवढा मोकळा ठेवायला तिला हात द्या.