पुलाच्या चित्रातला डावखुरा

शाळेत त्यांना सगळे बल्बकाका म्हणत. प्रयोगशाळा सांभाळण्यात जन्म गेला, निवृत्तीला चार महिने उरले, पण जुन्या स्लाइड प्रोजेक्टरला दुसऱ्या कुणी हात लावला की अजून त्यांचा पारा चढायचा. संगीताच्या बाईंनी नदीवरच्या पुलाची संगीतिका बसवायला घेतली, तेव्हा पूल बांधतानाची चित्रं मागच्या पडद्यावर दाखवायचं काम आपसूक काकांकडे आलं.

काका मनातून हरखले. त्यांचे वडील त्याच पुलावर घण मारायचे. तिथूनच पडून गेले, तेव्हा काका जेमतेम वर्षाचे. घरात वडिलांचा एकही फोटो नाही. आईनं सांगितलेली खूण तेवढी होती: "अख्ख्या टोळीत डावखुरे हे एकटेच."

स्लाइडांत टोळीचं चित्र एकच निघालं. नऊ माणसं, घण उगारलेली, आणि त्यातले आठ डावखुरे! आईला मीठमसाला लावून सांगायची सवयच, असं म्हणून काकांनी त्या आठांतून एक निवडला. भरदार मिशीचा, हसरा. आठवडाभर तालमीत ते त्याच्याकडेच बघत बसायचे. शोभतात हो आपले वडील!

मुलं त्या चित्रात बघूनच घण धरायला शिकत होती. एक दिवस एका मुलीच्या डाव्या हातातून तिसऱ्यांदा पुठ्ठ्याचा घण पडला, तशी ती वैतागली. "काका, त्या काळी सगळेच डावखुरे होते का हो?"

काका प्रोजेक्टरकडे धावले. इतक्या वर्षांचा हात, आणि स्लाइड उलटी लावलेली! त्यांनी ती फिरवली. आठ जणांचे घण उजव्या हातांत गेले. मिशीवालाही परका झाला. डावखुरा एकच उरला, कडेचा, ज्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि फोटो काढताना नेमका तोच हलला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा.

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

प्रयोगाला त्यांनी आईला पहिल्या रांगेत बसवलं. बाईंच्या शिस्तीप्रमाणे टोळीचं चित्र दोन कडव्यांपुरतं होतं, तेवढंच ठेवलं. पण सभागृह रिकामं झाल्यावर आई जागची उठेना.

"ते पुन्हा लाव."

काकांनी लावलं. वडील पडद्यावर पुरुषभर उंच उभे राहिले.

"हेच," आई म्हणाली. "एका जागी उभे राहतील तर शपथ. फोटोलासुद्धा नाही राहिले."

काका तिच्याशेजारी बसले. आयुष्यभर तोंडाशी आलेला प्रश्न त्यांनी आज विचारून टाकला. "आई, चेहरा कसा होता गं त्यांचा?"

"मला तरी आता कुठं आठवतोय, बाळा," ती म्हणाली. "तोच बघायला आले होते."