जहाजावर मामा आजाऱ्याला भेटायला गेले

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. हे मी जरा छाती काढूनच सांगतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. अमडापूरहून औरंगाबादला हॉटेल मॅनेजमेंट शिकायला गेलो तेव्हा पारावरचे लोक विचारायचे, "भांडे घासाची बी डिग्री रायते का बे?" पुढं मोठ्या प्रवासी जहाजावर जेवणघरात नोकरी लागली, तशी तीच माणसं घरी येऊन बसू लागली. "आमच्या पोट्ट्याचं जमवून दे ना तुह्या जहाजावर."

माझ्या शिक्षणामागे उभे राहिले ते उंद्रीचे मामा. ते स्वतः सातवीत शाळा सोडलेले. मला मात्र म्हणायचे, "तू शिक, मी हाय." म्हणून पुढं जे घडलं ते लिहिताना हात जड होतो.

महामारीच्या पहिल्या वर्षी आमचं जहाज कोणतंच बंदर घेत नव्हतं. प्रवासी कसेबसे उतरवले होते. उरलो आम्ही कामगार, एकेका खोलीत एकेक जण. जेवणाचा ट्रे दाराबाहेर जमिनीवर ठेवायचे, दार वाजवायचे आणि ठेवणारा निघून गेला की आम्ही दार उघडायचो. शेजारच्या खोलीतला खोकला भिंतीतून ऐकू यायचा. मग एके दिवशी तो ऐकू येईनासा झाला. त्या माणसाला कुठं नेलं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

त्याच पावसाळ्यात मामा बुलढाण्याला ऑक्सिजनवर होते. मामी फोन त्यांच्या तोंडासमोर धरायची. नळीआडून मामा एकेक शब्द सुटा करून बोलायचे. "तू... पाण्यात... अडकला. मी... हवेत." आणि हसायला जायचे. हसू खोकल्यात बुडून जायचं.

दोघंही सुटलो. पण मामांच्या फुप्फुसाचा खालचा भाग कडक झाला तो झालाच. डॉक्टरांनी मामीला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "एकदा निभावलं. छातीत पुन्हा असं इन्फेक्शन झालं तर मी शब्द देणार नाही. गर्दीत मास्क सोडू नका." मामीच्या बचत गटानं त्या काळात साडीच्या अस्तराच्या कापडाचे मास्क शिवले होते. त्यातले दुहेरी शिवणीचे तिनं मामांसाठी ठेवून घेतले. रोज एक धुवायचा, एक वाळत घालायचा.

गावानं मास्क केव्हाच टाकून दिले होते. मामा बाजारात निघाले की कोणी तरी म्हणायचंच, "काय हो, बैलाले मुसकं बांधल्यावानी? कोनाच्या वावरात तोंड घालाचं हाय?" मामा हसून पुढं जायचे. पण एक पाहिलं होतं मी. कोणाच्या घरी पाऊल ठेवताना, कोणी वडीलधारं भेटलं तर, मामा मास्क हनुवटीखाली ओढायचे. हात आपोआप वर जायचा, जसा देवळात चपलेकडे जातो तसा. मी टोकलं तर म्हणायचे, "तोंड बांधून मानसापाशी बसत नसतात बे. त्याले वाटन, याले माही घिन येते."

मी पुन्हा जहाजावर गेलो. सुरुवातीला आम्हाला मास्क सक्तीचे होते. पुढं एका सकाळी आमच्या साहेबानं सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, की आजपासून मास्क बंद. पाहुणे इथं विसरायला येतात, त्यांना आठवण नको, त्यांना तुमचं हसणं दिसलं पाहिजे. आम्ही मास्क काढले आणि हसू लागलो. माझ्या मनात उंद्रीच आलं. तिथं मान राखायला तोंड उघडं, इथं धंदा राखायला. कारण वेगळं, खोकल्याला त्याचं काय!

लोक मला विचारतात, महामारीनंतर जहाजाच्या सुट्टीचं पुढं काय? मी सरळ सांगतो. जहाजं आणखी मोठी होतील आणि भरूनही जातील. माणूस घाबरला होता हे तो सगळ्यात आधी विसरतो. पण जहाज म्हणजे हजारो माणसं एका छपराखाली जेवणार, एकाच कठड्याला हात लावणार, बंद नाट्यगृहात एकत्र हसणार. मधूनच उतरून घरी जायची सोय नाही. पुढची साथ येईल तेव्हा ती तिकीट काढून, गाणं ऐकत आत येईल.

हे माहीत असून मी मामांना नेलं. त्यांचा हट्ट होता. "माह्या भाच्याले ज्यानं किनाऱ्याले लागू देलं नाही, ते जहाज कसं असते ते एक डाव मले पाहू दे." डॉक्टर म्हणाले, मास्क ठेवा, मोकळ्या हवेत बसा, जा. मी सुट्टीवर होतो. आमच्या कंपनीचं नाही, दुसऱ्याच कंपनीचं जहाज, मुंबईहून गोव्यापर्यंत जाऊन परत यायची छोटी सफर. ट्रे न उचलता, पाहुणा म्हणून मी पहिल्यांदाच जहाजावर चढत होतो.

मामीनं नवी साडी नेसली होती. मामा धोतर-टोपीत, तोंडावर अस्तराचा मास्क. वरच्या डेकवर गेल्यावर मामांनी कठडा धरला आणि क्षितिजापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "लय पानी हाय बे."

मामी म्हणाली, "हाव, अन् प्याले एक घोट बी कामाचं नाही. आपल्या हिरीसारखंच."

पहिला दिवस सुखात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला गेलो आणि माझे पाय दारातच थबकले.

टेबलांवरच्या मीठ-मिऱ्याच्या डब्या नव्हत्या.

दुसऱ्या कोणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण मी त्याच कामातला; दहा जणांचे हात लागणाऱ्या वस्तू साथीत आधी उचलतात. बुफेच्या मागे आज कर्मचारी उभे होते, चमचे पाहुण्यांच्या हातात न देता स्वतः वाढत होते. तोंडावर हसू तेवढंच. एक पोरगी जिन्याचा कठडा पुसत गेली आणि पुन्हा तोच कठडा पुसत आली. गॅलरीत जंतुनाशकाचा वास होता. आमच्या मजल्यावर तीन दारांबाहेर जेवणाचे ट्रे जमिनीवर ठेवलेले. जहाजावर साथ सुरू झाली की कोणी भोंगा वाजवत नाही. या असल्या गोष्टींवरूनच कळतं. स्पीकरवर मात्र संध्याकाळच्या जादूच्या प्रयोगाची जाहिरात चालली होती.

मी आमच्यासारख्याच एका वाढणाऱ्याला हळूच विचारलं, "ताप का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते त्याला कळलं असावं. "सर्दी-खोकला आहे सर थोडा," तो म्हणाला आणि पोहे वाढले. पोहे वाढताना त्याची नजर मामांच्या मास्कवर गेली आणि तिथंच राहिली.

मी मामा-मामींना डेकवर नेऊन बसवलं. सांगितलं, जहाजावर आजार आहे. आता उतरेपर्यंत इथंच बसायचं, जेवण मी इथं आणीन, नाट्यगृहात जायचं नाही, कोणाजवळ बसायचं नाही.

"मंग आलो कायले?" मामी म्हणाली.

"पानी पाह्यले," मामा म्हणाले. "पाहू दे."

दुपारी मी जेवण आणायला खाली गेलो. गर्दी होती, वेळ लागला. परत आलो तर मामी एकटीच बसलेली.

"मामा कुठं?"

"ते कालचे गुरुजी नाही का, साखरखेर्ड्याचे? त्यांच्याइकडं गेले."

साखरखेर्ड्याचे एक निवृत्त गुरुजी आदल्या दिवशी डेकवर भेटले होते. मुंबईच्या समुद्रात आपल्या जिल्ह्याचा माणूस! मामांना भाऊ भेटल्याचा आनंद झाला होता. दोघांनी सोयाबीनपासून एसटीपर्यंत सगळं काढलं होतं.

"काऊन गेले?"

"गुरुजीची बायको आजारी हाय म्हने. सकाळपासून खोलीतच हाय. गुरुजी इथं येऊन सांगत होते. म्हून पाह्यले गेले. म्या केळं देले सोबत."

मी जिन्यावरून पळतच खाली गेलो. गॅलरीत मामा समोरून येताना दिसले. हात मोकळे. केळी देऊन झाली होती. मास्क हनुवटीखाली होता.

"मामा! आत गेलते?"

"मंग? दारातूनच परत येऊ? बाई लय हैरान हाय रे. अंग तापून राह्यलं. खोकल्यानं बोलता येत नाही. जराशीक बसलो, पाठीवर हात फिरवला."

"अन् मास्क?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना आत शिवी देऊन या म्हटलं होतं. "आजाऱ्याच्या उशाशी तोंड बांधून बसू? दुसऱ्या मुलुखात, पान्यावर, त्याहिचं कोनी नाही. आपल्या इकडचं मानूस हाय ते."

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे त्याला मेल्यात जमा करणं. बुलढाण्याला मामा खाटेवर होते तेव्हा मामीशिवाय कोणालाच आत सोडत नव्हते. भेटायला एकही माणूस आला नाही, हे दुःख मामांनी आजारापेक्षा जास्त बोलून दाखवलं होतं. त्या माणसाला मी काय शिकवणार?

मी त्यांना हात धुवायला लावले. कपडे बदलायला लावले. धुण्यानं काय होणार होतं, हे मलाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सबंध वेळ समुद्रच होता. सकाळी मामा बरे होते. दुपारी म्हणाले, वारं थंड हाय. वारं थंड नव्हतं. संध्याकाळी मामीनं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ऑक्सिजन पाहायचा चिमटा सोबत आणला होता, तो लावला. आकडा रोजच्यापेक्षा खाली होता. फार नाही, पण खाली.

मी म्हणालो, "जहाजावर डॉक्टर आहे. दाखवू."

"नाई," मामा म्हणाले. "कोंडून ठेवतीन. तूच सांगत होता ना, ट्रे बाहीर ठेवते अन् पळून जाते. मले तसं ठेवू नको. उद्या मुंबई येते. गाडीत बसव, अन् घरी ने."

"मामा, मुंबईहून उंद्री म्हणजे..."

"घरी ने मले."

मामी पदर तोंडावर धरून बसली होती. कोणाच्या बाजूनं बोलावं, तिला कळत नव्हतं. शेवटी मला म्हणाली, "बापू, तू शिकेल हायेस. तूच पाय."

शिकलेला असल्याचा मला आयुष्यभर अभिमान वाटला. त्या संध्याकाळी तो कोणी काढून घेतला असता तर मी देऊन टाकला असता.

सकाळी जहाज मुंबईला लागलं. उतरायच्या रांगेच्या तोंडाशी एक बाई उभी होती, हसरी, नीटनेटकी. प्रत्येकाला विचारत होती, "ताप, खोकला, काही त्रास?" आणि प्रत्येक जण हसून "नाही" म्हणत पुढं सरकत होता. त्यातले कितीतरी खोकत होते. खरं सांगणाऱ्याची सुट्टी लांबणार, गाडी चुकणार. मग कोण सांगतो? माझ्या पुढच्या माणसानं खोकला गिळला आणि "एकदम मस्त" म्हणाला.

मामांनी मास्क नाकावर नीट चढवला होता. पहिल्यांदाच कोणी न सांगता. ताठ उभे होते. ते ताठ उभं राहण्यात त्यांचा सगळा दम खर्च होतोय, हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून मला दिसत होतं. रांगेत मी गुपचूप चिमटा लावून पाहिला होता. आकडा रात्रीतून आणखी उतरला होता. घाट, टोल, ढाबे, एवढा रस्ता. गाडीत ऑक्सिजन नाही. माझ्या डोळ्यासमोर तो रस्ताच येत होता, आणि त्यावर कुठं तरी मधेच थांबलेली आमची गाडी.

"ताप, खोकला, काही त्रास?"

"नाही," मामा म्हणाले. स्पष्ट, खणखणीत.

"आहे," मी म्हणालो. "यांना ताप आहे. फुप्फुसं आधीच खराब आहेत. दोन दिवसांपूर्वी आजारी बाईच्या खोलीत जाऊन बसले होते. डॉक्टर बोलवा."

बाईचं हसू तसंच राहिलं, फक्त ती दोन पावलं मागे सरली. आमच्या मागची रांगही मागे सरली. एवढ्या गर्दीत आम्हा तिघांभोवती मोकळी जागा झाली. इतका वेळ उघड्या तोंडानं हसणाऱ्या लोकांनी रुमाल, ओढण्या, जे हाताला येईल ते तोंडाला लावलं.

मामा माझ्याकडे वळले. "तू मले सगळ्याइच्या समोर..." वाक्य पुरं झालं नाही. खोकला आला, आणि तो थांबेना. चाकांची खुर्ची आणली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून मालाच्या दारानं, पाण्यालगतच्या खालच्या मजल्यावरून आम्हाला बाहेर काढलं. तो रस्ता माझ्या ओळखीचा होता. कामगार तिथूनच येतात-जातात.

ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी मामांना तपासलं, ऑक्सिजन लावला आणि मला म्हणाले, "लांबचा प्रवास करणार होतात? वाटेत गेले असते."

हे मी मामांना कधी सांगितलं नाही. सांगून त्यांनी मला माफ करावं, असं मला वाटत नव्हतं.

मुंबईच्या दवाखान्यात मामा पुष्कळ दिवस होते. मग उंद्रीला आणले. गुरुजींच्या घरी फोन केला, त्यांची बायको बरी झाली होती. जहाजाची सफर अजून चालू आहे. परवाच जाहिरात पाहिली, गर्दी भरपूर.

मामा आता खाटेवर असतात. उशाशी ऑक्सिजन देणारी मशीन, दिवसभर तिची घरघर. माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. उन्हाळ्यात उंद्रीची लाइन कधी जाईल याचा नेम नाही. भर दुपारी मशीन बंद पडते. मामांचा पोरगा इन्व्हर्टरकडे धावतो, तो कधी लागतो, कधी लागत नाही. तेवढ्या वेळात घरातला प्रत्येक माणूस हातातलं काम जिथल्या तिथं थांबवतो आणि मामांची छाती वर येते का, ते पाहत उभा राहतो.