तिच्या नावापुढचे कोरे रकाने

त्या श्रावणातल्या पाचही सोमवारी मी ड्यूटीवर नव्हतो. रजिस्टरात माझ्या सह्या आहेत, पाचच्या पाच आहेत, पण मी नव्हतो. हे मी परवापरवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर अजूनही नाही. ती बँकेतून सातला घरी येते आणि तिला वाटतं, मी तिच्या थोडाच आधी पोचत असे. आईला माहीत होतं, पण आई आता नाही.

मी उज्जैनमधल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. घर माधवनगरात. आम्ही कित्येक पिढ्या इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण कुठल्या भाषेत होईल ते समोरच्यावर. कॉलेजात विद्यार्थी-सेवेचं काम दरवर्षी कोणा एकाच्या गळ्यात पडतं, त्या वर्षी माझ्या पडलं. मुलांना श्रावणी सोमवारच्या सवारीच्या, म्हणजे देवाच्या पालखीच्या, दिवशी घाटाजवळच्या ‘खोया-पाया’च्या मंडपात न्यायचं. म्हणजे गर्दीत चुकलेली माणसं तिथे येऊन बसतात, माइकवरून पुकारा होतो, आणि घरचे येऊन घेऊन जातात. प्रभारी प्राध्यापकाने दुपारी बारापासून सवारी परत फिरेपर्यंत थांबायचं असतं.

मी बाराला जात असे. मुलांना पाणी प्या, उन्हात उभे राहू नका, असं सांगत असे आणि रस्ते बंद व्हायच्या आत, दीडच्या सुमाराला, “आईला औषध द्यायचंय” म्हणून स्कूटर काढत असे. आई अंथरुणाला होती हे खरं. पण औषधं द्यायला दिवसभराची बाई होती. मी घरी जाऊन झोपत असे. बस, एवढंच. शिकवण्या नव्हत्या, दुसरं काही नव्हतं. मला गर्दीचा कंटाळा येई आणि दुपारची झोप लागत असे.

ती मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. नानाखेड्याच्या बसस्टँडमागे राहायची. वडील सरकारी कार्यालयात कारकून, नोकरीपायी जळगावकडून इकडे आलेले. अक्षर फार सुरेख, म्हणून पहिल्याच सोमवारी मी रजिस्टर तिच्या हातात दिलं. नावांची यादी ऑफिसने टाइप करून दिली होती. प्रत्येक नावापुढे तारखेचे रकाने होते आणि तळाशी प्रभारीच्या सहीची जागा.

“सर, तुम्ही निघताय?”

“आईला औषध...”

“हो हो, जा ना. मी बघते. हे सगळे माझं ऐकतात, नाही ऐकलं तर चहा बंद.”

शेवटच्या सोमवारनंतर ती रजिस्टर घेऊन स्टाफरूममध्ये आली. सहीच्या पाच जागांवर तिने पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. “सर, इथे, इथे आणि इथे.” मी एका बैठकीत पाचही सह्या केल्या. मग तिने खोडरबर काढला आणि फुल्या पुसल्या. रबराचा भुसा फुंकरीने उडवून रजिस्टर ऑफिसात जमा करून आली.

आता त्यातल्या तिसऱ्या सोमवारचं सांगतो. मी झोपून उठलो, चहा केला आणि आईच्या खाटेशी बसून टीव्ही लावला. आमच्या केबलवर सवारी थेट दाखवतात. पडद्यावर घाटावरची माणसंच माणसं, ढोल, झांजा, आणि मागून कुठून तरी मंडपातला भोंगा ऐकू येत होता. आधी हिंदीत काही पुकारे झाले. मग एकदम मराठी आवाज आला.

“हिरव्या लुगड्यातल्या एक आजी आमच्याकडे बसल्यात. त्यांचे मालक हरवलेत. आजींना नाव विचारलं, पण त्या ते घेत नाहीत. तेव्हा ज्या आजोबांची बायको हरवली असेल त्यांनी स्वतःलाच ओळखावं आणि खोया-पायाच्या मंडपात यावं. पांढरी टोपी आहे, हातात थर्मास आहे. आजी म्हणतात, थर्मास विसरू नका.”

आई हसायला लागली. हसताना तिला ठसका लागला, म्हणून मी तिला बसतं केलं. थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा आला, “आजोबा सापडले. थर्मास नाही.” आई परत हसली.

“कोण रे ही पोरगी? आपल्यातली दिसते.”

“माझी विद्यार्थिनी आहे.”

“मग तू इथे काय करतोयस?”

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

दिवाळीनंतर विद्यापीठाचं परिपत्रक आलं. विद्यार्थी नेतृत्व आणि सामाजिक सहभाग, असा एक पुरस्कार. विद्यार्थ्याने अर्ज भरायचा, कामाचे फोटो जोडायचे, प्रभारीचा शेरा घ्यायचा, आणि कॉलेजने छाननी करून एकच नाव पुढे पाठवायचं. दोनच अर्ज आले. एक अर्ज एका मुलाचा. चांगला मुलगा, चार सोमवार आलेला. आजोबांना पाणी देताना, बॅनर धरताना, पोलिसांबरोबर, असे त्याचे बरेच फोटो होते. दुसरा अर्ज हिचा.

“फोटो?” मी विचारलं.

“फोटो कुठून असणार, सर? मी माइकमागे. भोंग्याचा फोटो आहे एक, लावू का?”

मग जरा गंभीर झाली. तिला पुण्याला समाजकार्याचं शिक्षण घ्यायचं होतं. वडील तयार नव्हते. “बाबा म्हणतात, बस्तीत न् घाटावर फिरण्याला काय शिकायचं? मी बोलले, विद्यापीठ पुरस्कार देतं त्याचा. तर म्हणाले, असं? मग आण लिहून, तुला पोचवायला मी स्वतः येतो पुण्याला. सर, ते असं बोलले म्हणजे येतातच. त्यांनी तर बॅगसुद्धा बघून ठेवलीय, मला माहीत नाही असं समजतात.”

मी अर्ज ठेवून घेतला. शेऱ्याच्या जागी काही लिहिलं नाही. छाननीत तोंडी सांगू, असं म्हणालो.

छाननीला आम्ही दोघंच होतो, मी आणि एक ज्येष्ठ मॅडम. सरळ, काटेकोर बाई. त्यांनी ऑफिसातून रजिस्टर मागवलं. मुलाच्या नावापुढे चार खुणा. हिच्या नावापुढे पाचही रकाने कोरे.

मला एका क्षणात समजलं. हजेरी घेणारीने स्वतःची हजेरी लावलीच नव्हती. सगळ्यांची नावं पुकारली असतील, खुणा केल्या असतील, आणि रजिस्टर मिटून माइकपाशी गेली असेल.

“ये लड़की तो एक भी दिन नहीं आई?” मॅडमनी विचारलं. “आप तो थे ना सर, हर सोमवार?”

“जी, मैं तो था।”

“नीचे आपके दस्तखत भी हैं। देखकर ही किए होंगे।”

खरं सांगायचं, तर ‘ती आली होती’ हे तीन शब्द पुरेसे होते. पण मग पुढचा प्रश्न आला असता. आली होती तर रकाने कोरे कसे, आणि कोरे होते तर तुम्ही सही कशावर केली? मग रजिस्टर कोण लिहीत होतं तेही निघालं असतं, आणि मी कुठे होतो तेही. महिनाभरापूर्वीच आमच्या एका सहकाऱ्याला परीक्षेच्या ड्यूटीवरून गायब राहिल्याबद्दल नोटीस मिळाली होती. तो स्टाफरूममध्ये खाली मान घालून डबा खायचा, ते मी रोज बघत होतो. आणि तिचं काम मला ठाऊक होतं ते कशावरून? घरी चहा पिताना टीव्हीवर ऐकलं, यावरून.

मी म्हणालो, “भीड़ बहुत थी मैडम। ध्यान नहीं।”

“तो रजिस्टर ही मानें?”

“जी।”

मॅडमनी तिच्या अर्जावर हिरव्या शाईने ‘उपस्थिति शून्य’ लिहिलं. त्यांची काहीच चूक नव्हती.

तिला मीच बोलावून सांगितलं. ती आधी हसली. “अरे देवा. मी सगळ्यांना विचारत होते, आहेस का, आहेस का. स्वतःला कोण विचारतं?” मग हसणं थांबलं. “पण सर, तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?”

“सांगितलं ना,” मी म्हणालो. “पण कागद लागतो.”

हे मी इतक्या सहज म्हणालो की आजही मला स्वतःचा तो आवाज ऐकू येतो.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “तरी तुम्ही बोललात माझ्यासाठी, थँक्यू सर.”

मला वाटलं होतं, हे इथेच संपेल. काही दिवसांनी माधवनगरात भाजी घेताना तिचे वडील भेटले. मी त्यांना एकदाच, वार्षिक समारंभात पाहिलेलं. उंच, किंचित वाकलेले, हातात कापडी पिशवी. इकडचं तिकडचं बोलून झालं तरी ते निघेनात. शेवटी मेथीची जुडी उलटसुलट करत म्हणाले, “सर, एक विचारू का? रागावू नका. आमची पाचही सोमवारी संध्याकाळी उशिरा घरी यायची. म्हणायची, मंडपात होते. आता रजिस्टरात तर म्हणे एकही दिवस हजेरी नाही. मी तिला काही बोललो नाही. पण तुम्ही होतात ना तिथे. ती होती ना, सर?”

त्यांनी पुरस्काराचं विचारलंच नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की आपली मुलगी खोटं बोलली नाही.

मी म्हणालो, “गर्दी फार असते हो तिथे. लक्ष राहत नाही.”

ते “हो, तेही आहेच” म्हणाले आणि मेथी न घेताच गेले.

ती पुण्याला गेली नाही. बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. दोन वर्षं झाली. मधल्या काळात आई गेली. मी नानाखेड्याला जाणं टाळत असे. इंदूरची बस धरायची असली तर देवासगेटच्या स्टँडवर जात असे.

गेल्या महिन्यात मात्र जावं लागलं. बससाठी उभा होतो तर मागून हाक आली, “सर, या ना.” दुकानात साताऱ्याकडची वाटणारी दोन म्हातारी माणसं बसली होती. त्यांना ओंकारेश्वरची बस हवी होती आणि कोणी त्यांना चुकून फॉर्मच्या रांगेत उभं केलं होतं. ती म्हाताऱ्याला सांगत होती, “काका, अर्ज भरून बस लवकर येत नाही. बसा, चहा घ्या, मी बसवून देते.” त्यांना बसपर्यंत सोडून ती परत आली.

“सर, मी पुन्हा भरतेय पुण्याचं. या वेळी बाबांना आधी नाही सांगितलं. सांगितलं तरी ते नुसतं हं म्हणतात. पूर्वी निदान भांडायचे.” ती कीबोर्डवर बोटं फिरवत बोलत होती, माझ्याकडे न बघता. “आपलं काम ओळखणाऱ्या एका माणसाचं नाव द्यायचं असतं त्यात. तुमचं दिलंय. चालेल ना? मेल येईल तुम्हाला.”

माझं नाव का? तिला ठाऊक होतं की मी दीड वाजता निघून जात असे. फुल्या तिनेच केल्या होत्या, तिनेच पुसल्या होत्या. तिच्यापाशी आणखी कोणाचं नाव नसेल. किंवा मी तिच्यासाठी बोललो होतो, हे तिला अजून खरं वाटत असेल. मी विचारलं नाही. चालेल, म्हणालो.

मेल आला. त्यात एक प्रश्न होता: अर्जदाराचं काम आपण स्वतः पाहिलं आहे का? त्याच्यासमोर मी तीन दिवस बसलो. मग लिहिलं. पाहिलेलं नाही, ऐकलं आहे. मी त्या वेळी नेमून दिलेल्या जागी नव्हतो, घरी होतो. तिने माझं आणि स्वतःचं, दोन्ही काम केलं. हजेरीपटात तिची नोंद नाही, कारण हजेरीपट तीच लिहीत होती, आणि हे विचारलं गेलं तेव्हा मी सांगितलं नाही. थर्मासवाल्या आजोबांचंही लिहिलं. त्याच मजकुराचं एक पत्र प्राचार्यांना दिलं. त्यांनी वाचून ते घडी करून ठेवलं. त्याचं पुढे काय होईल ते होवो.

पण पुण्याच्या लोकांना सांगणं सोपं होतं, त्यांनी मला पाहिलेलं नाही. राहिलंय ते नानाखेड्यातल्या एका घरी जाऊन सांगायचं. तिच्या वडिलांना सांगायचं की तुमची मुलगी पाचही सोमवारी तिथे होती, मी नव्हतो, आणि भाजीबाजारात मी तुमच्याशी खोटं बोललो. तिला सांगायचं की मी तुझ्यासाठी कोणापाशी एक शब्दही बोललो नव्हतो, ते थँक्यू परत घे. दोनदा स्कूटर काढली आणि बसस्टँडच्या अलीकडून वळवली. अजून सांगितलेलं नाही.