‘ठेवतो’ न म्हणणारे

आमच्याकडे अकोल्याला फोन ठेवणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. ‘बरं, ठेवते’ म्हटल्यावरही आई शेजारच्यांच्या सुनेपर्यंत जाऊन येते. पुण्यात मात्र माझं वाक्य अर्धं असतानाच पलीकडून फोन बंद व्हायचा. मार्केट यार्डातले आमचे आडते त्यात अव्वल. काम संपलं की कट. सुरुवातीला मला वाटायचं, हे माझ्यावर रागावलेत.

त्यांच्या गाळ्यातल्या कॉम्प्युटरवरून भाज्यांचे भाव रोज सकाळी आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात येत आणि आम्ही ते ॲपवर दाखवत असू. हे काम एकटीनं सांभाळायची माझी पहिलीच वेळ. अशात आम्ही एन्क्रिप्शनची लायब्ररी, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून आणणारा तयार कोड, नव्या आवृत्तीची घेतली आणि भाव यायचेच बंद झाले. आडत्यांचा फोन आला. "उद्या दिसले नाहीत, तर आपला जुना फळा बरा." कट. मला रडूच आलं.

शोधलं, तर भलतंच निघालं. मजकूर संपला की ‘ठेवतो’ अशी खूण पाठवायची, हा नियम पहिल्यापासूनचा. त्यांचा कॉम्प्युटर ती कधीच पाठवत नव्हता. जुनी लायब्ररी पुणेकर होती, तिला त्याचं काही वाटत नसे. नवी थेट अकोल्याची. न सांगता कोणी उठून गेलं, की आलेलं सगळंच ती चूक ठरवायची.

मी चिडून आडत्यांना फोन केला. "अहो, तुमचा कॉम्प्युटर न सांगता फोन ठेवतो."

"मग? काम झालं की ठेवणारच." कट.

खूण आली नाही तरी तिकडे दुर्लक्ष करायची सोय लायब्ररीत होती, पण लाइन मध्येच तुटली तर आपण अर्धेच भाव दाखवणार का, असं ऑफिसातल्या सरांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला. मग आधी आलेले भाव काढून वाचत बसले. रोज शेवटची ओळ एकच: ‘एकूण आवक’. त्यांचं ‘ठेवतो’ ते हेच. ही ओळ आली असेल तर पुढच्या अबोल्याला चूक म्हणायचं नाही, नसेल तर भाव पुन्हा मागायचे, असं कोडमध्ये लिहून टाकलं.

सकाळी आडत्यांचा फोन आला. भाव दिसत होते, कांद्यापासून कोथिंबिरीपर्यंत सगळे. मी सवयीनं कट व्हायची वाट पाहिली. होईना. पलीकडे नुसता हमालांचा गलका.

"ताई," ते अवघडून म्हणाले, "ठेवू का?"

मला इतकं भरून आलं, की घरी सगळे कसे आहेत, असं मी विचारलं.

कट.