दोघांचं काम

सुमे, समोर असतीस तर कानच पिळला असता तुझा. अमेरिकेत तासाभरावर राहून मावशीला विसरलीस!

परवा तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर घरासारख्या गाडीतच राहणारं एक म्हातारं जोडपं पाहिलं. हंगामभर दोघांनी झाडलोट करायची, बदल्यात गाडीला जागा मिळते. म्हातारा गुडघे धरून आत बसलेला, आणि म्हातारी त्याची टोपी घालून त्याच्याही वाट्याचा पाला ओढत होती. मी भाबडेपणानं तिथल्या ऑफिसातल्या बाईला म्हटलं, "तुमच्याकडची ही आजी एकटीच दोघांचं काम उरकते हो!"

"एकटीच?" म्हणत तिनं खिडकीतून पाहिलं, तेव्हा मी जीभ चावली.

कौतुकही असं कुणाच्या मुळावर येतं का गं? घास उतरत नाही. लवकर ये भेटायला, मला तिथं घेऊन चल. त्यांची गाडी अजून उभी आहे का, ते बघू.