मेणाचं पान आणि आईचा मांडा

माझ्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या शेजारी, लेट्यूसचा अर्धा गड्डा ठेवलेला आहे. येणारा-जाणारा त्याला पानकोबी समजतो आणि बुलढाण्याच्या इतक्या उन्हात ती सुकली कशी नाही म्हणून हात लावून बघतो. तो मेणाचा आहे. जपानमधल्या एका लहान गावात, प्रवाशांसाठी भरणाऱ्या एका वर्गात, मी तो स्वतःच्या हातांनी केला. त्याच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात मात्र आमच्या गावापासून, वडनेर भोलजीपासून करावी लागेल, कारण त्या गड्ड्याचं पहिलं पान फाटलं ते आईच्या पुरणाच्या मांड्यांमुळे.

आई श्रावणात गेली. शेवटपर्यंत ती वडनेरलाच राहिली, माझ्या काकूबरोबर. दोघी जावा, दोघीही विधवा, आणि दिवसभर एकमेकींशी भांडल्याशिवाय दोघींना जेवण जात नसे. आई मांडे करायची. म्हणजे मांडे सगळ्याच बाया करत, पण आईला लग्नाकार्यात गावभरातून बोलावणं असे. मऊसूत तिंबलेली कणीक, तिच्या पोटात पुरण, आणि ती पारी दोन्ही हातांच्या पाठींवर घेऊन आई ती हळूहळू अशी वाढवायची की पलीकडचा उजेड दिसू लागे. मग एका हालचालीत तो मांडा चुलीवरच्या उपड्या खापरावर जाई. मी तिला हे करताना असंख्य वेळा पाहिलं, आणि तो मांडा हातावरून खापरावर नेमका कधी गेला हे मला एकदाही दिसलं नाही.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, मांड्यांचा आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. तोवर घरात कुणी आंबा तोंडात घालत नाही. आजोबांच्या, वडिलांच्या, काकांच्या घागरीपुढचे मांडे आईनंच केले. दर आखाजीला ती एक पारी माझ्या हातावर द्यायची, आणि दर आखाजीला माझा मांडा फाटायचा. पुरण खाली सांडायचं. आई रागवत नसे. “तुह्या हाताले भेव आहे, पोरी,” एवढंच म्हणायची, आणि तो फाटका मांडा भाजून स्वतःच्या ताटात घ्यायची. मी पुन्हा माझ्या पुस्तकाकडे वळायची.

माघ महिन्यात काकूचा फोन आला. तिचा उजवा खांदा आखडलाय, तो हात वर होत नाही. आखाजीला आईची पहिली घागर भरायची, तर मांड्यांचं काय करायचं, असं तिनं विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं. मलकापूरला बचत गटाच्या बाया चांगले मांडे करून देतात, आधी सांगून ठेवावं लागतं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर हातातलं पुस्तक पुढे सरकेना. जिनं सगळ्यांच्या नावानं मांडे केले, तिच्या नावाचा मांडा निदान तिच्या घरात, तिच्या खापरावर व्हावा असं मला फार वाटत होतं. आणि तो करायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय? मला मांडा येत नव्हता.

फाल्गुनात लेकीनं तिकीट पाठवलं. ती जपानमध्ये नोकरी करते. मी घराबाहेर पडत नाही, फोनवरही हो-नाहीच्या पुढे जात नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिकडे प्रवाशांसाठी नाना तऱ्हेचे वर्ग असतात. कुणी चहा करण्याची त्यांची रीत शिकवतं, कुणी किमोनो नेसवून देतं, कुणी कुंचल्यानं अक्षरं काढायला लावतं. लेक मला ओळखून आहे. अक्षरांच्या वर्गात नेलं असतं तर मी स्वतःत आणखी आत शिरून बसले असते. म्हणून तिनं असा वर्ग शोधला, जिथं हात कोपरापर्यंत पाण्यात घालावे लागतात.

ते गाव डोंगरांच्या कुशीत होतं. घरांच्या कडेनं दगडी पन्हाळीतून इतकं नितळ पाणी वाहत होतं की मी दोनदा थांबून वाकून पाहिलं. खाणावळींच्या काचेआड ताटं मांडलेली. भाताची वाटी, तळलेले मासे, वाफाळल्यासारखा दिसणारा रस्सा, आणि सगळं मेणाचं नाहीतर प्लॅस्टिकचं. आत आलेल्या माणसाला काय मिळणार ते बाहेरच कळावं, म्हणून ही सोय. भाताच्या एका वाटीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. शितं एकमेकांना जशी चिकटतात तशीच चिकटलेली होती, आणि वरचं एक शीत जरा मोडलेलं होतं. ते मुद्दाम मोडणाऱ्या माणसाबद्दल मला तिथं, रस्त्यातच, आदर वाटला.

वर्गात एक लांब टेबल, त्यावर कोमट पाण्याच्या टाक्या. आमच्याबरोबर एक वयस्कर गोरं जोडपं होतं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या असतील, बाह्या दोरीनं मागे बांधलेल्या. त्यांची पद्धत मला फार आवडली. प्रत्येक गोष्ट त्या आधी एकदा गप्प राहून करून दाखवत, मग दुसऱ्यांदा बोलत बोलत, आणि मग मेणाचा डाव आपल्या हातात देत. अशी माणसं रोज येतात, तासाभरानं जातात, पुन्हा कधी दिसत नाहीत. तरी त्यांच्या करण्यात कुठं उरकल्याचा वास नव्हता. माझी उंची बघून त्यांनी न बोलता एक लाकडी पाट आणून माझ्या पायाशी ठेवला.

पहिल्यांदा तळण करायचं होतं. कोळंबी, भोपळा, वांगं यांचे मेणाचे तुकडे तयार होते. मी अर्थातच वांगं उचललं. पिवळसर मेण उंचावरून पाण्यावर सोडलं की त्याचे बुंदीसारखे थेंब फुटतात, एकमेकांत अडकतात, आणि त्यात वांगं गुंडाळलं की भज्याचा खरपूस पापुद्रा तयार. “आई, इथवर येऊन तू वांग्याची भजीच केलीस,” लेक म्हणाली. मी हसले. हसल्यावर लक्षात आलं की ती माझ्याकडे जरा थांबून बघते आहे.

मग लेट्यूस. पाण्यावर पांढऱ्या मेणाचा एक पट्टा ओतायचा, त्याला लागून हिरव्याचा. ते जरा धरलं की कडेची दोन टोकं चिमटीत घेऊन पाण्याखाली हळूहळू ओढत न्यायचं. मेण लांबत जातं, पातळ होतं, सुरकुततं, आणि त्याचं पान होतं. बाईंनी केलं तेव्हा ते पान पाण्यातच उगवल्यासारखं वाटलं.

मी ओढायला लागले. पापुद्रा हाताखाली पसरू लागला आणि माझ्या हातांनी मला न विचारता काहीतरी केलं. मी तो अख्खा पापुद्रा पाण्याबाहेर उचलला, मुठी सैल मिटून हातांच्या पाठींवर घेतला आणि फिरवायला लागले. हवा लागताच मेण ताठरलं आणि मधोमध फाटलं.

बाईंनी चुकलं म्हटलं नाही. त्या माझ्या तशाच अधांतरी राहिलेल्या हातांकडे बघत होत्या. मी काय करायला निघाले होते, असं त्यांनी लेकीला विचारलं. लेकीनं पोळीसारखं काहीतरी सांगून बघितलं, पण मांडा समजावणं तिला जमेना. तेव्हा बाईंनी टेबलावरचा ओला रुमाल माझ्या हातावर टाकला. मी रुमालावर मांडा करून दाखवला. रुमालाचा मांडा मला चांगला येतो, कारण रुमाल फाटत नाही. बाईंनी तो माझ्याकडून घेतला, स्वतःच्या हातांवर दोनदा फिरवून पाहिला, आणि मग विचारलं, खरा मांडा फाटतो का?

“आईचा नाही. माझा फाटतो,” मी म्हणाले.

“कुठे?”

लेकीनं हा प्रश्न मराठीत आणून माझ्यापुढे ठेवला. मी स्वतः शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, चांगला प्रश्न कसा असतो ते मला कळतं. मांडा का फाटतो याचं उत्तर घरात सगळ्यांकडे होतं. कुठे फाटतो हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मी आठवून पाहिलं आणि सांगितलं की जिथं आधीच पातळ झालेला असतो, तिथं.

बाईंनी मान हलवली. एखाद्या बरोबरीच्या माणसानं कामाचं काही सांगावं तशी. मग पुन्हा पांढरं ओतलं, हिरवं ओतलं, आणि या वेळी त्यांनी आपले हात पाण्यात माझ्या हातांखाली धरले. पान लांबायला लागलं. काही जागी रंग फिकट झाला होता, काही जागी अजून गडद होता. माझी नजर कुठं आहे हे त्यांना कसं कळलं, माहीत नाही. त्या लेकीशी हळू आवाजात बोलल्या.

“पातळ झालेल्या जागेकडे बघू नका म्हणतात,” लेक म्हणाली. “त्या जागेला आता काहीच नकोय. जाड कुठं राहिलंय ते बघा, आणि हात तिकडे न्या.”

मी गडद हिरव्याकडे बघितलं. हात तिकडे गेले. इतकी वर्षं मी भिऊन पातळ जागेवर नजर रोवून बसायची आणि नजरेमागून हात तिथंच जायचे. पान फाटलं नाही. बाईंनी ते पाण्यातून उचलून सैलसर गुंडाळलं, गरम सुरीनं मधोमध कापलं, आणि आतले पांढरे पदर खऱ्या भाजीसारखे एकात एक बसलेले निघाले. गोऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांचं काय झालं ते मी बघितलं नाही. हात पुसायला मिळालेल्या टॉवेलानं आधी तोंड पुसलं. निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि आम्ही वळणावर दिसेनाशा होईपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. आमच्याकडे एस.टी. हलेपर्यंत माणसं अशीच उभी असतात.

परत आल्यावर काकूला मलकापूर रद्द कर म्हणून सांगितलं. मग फाटले तर काय, असं तिनं विचारलं. फाटले तर आपण खाऊ, मी म्हणाले. घागर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नसते, असं बजावून तिनं फोन ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी वडनेरला पोचले. पिशवीतून वांग्याचं मेणाचं भजं काढून काकूच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं केलं, वास घेतला, नखानं टोकरलं.

“खाता येत नाई तं काऊन करतेत वं हे लोक?”

दाखवायला, मी म्हटलं. दुकानात काय मिळतं ते आल्यागेल्याला कळावं म्हणून.

“हाव का? मंग आपला निवद काय वेगळा आहे,” काकू म्हणाली. “दाखवतो त्याईले, अन् खातो आपन.” आणि ते भजं तिनं देवघराच्या फळीवर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कपाशीची वाळली पऱ्हाटी पेटवून चुलीवर आईचं खापर उपडं ठेवलं. ते श्रावणाच्या आधीपासून तसंच पडून होतं. पुरण काकूनं वाटून घेतलं होतं, कणीक मी पहाटे उठून तिंबली होती. काकू पाटावर बसली आणि तिनं तोंड सुरू केलं. कणीक सैल आहे, पारी लहान आहे, मास्तरीण आहे, पुस्तकात बघून घे म्हणा. पहिला मांडा हातावर घेतला आणि तिच्या बोलण्यासरशी माझी नजर नेमकी पातळ जागेवर गेली. फाटला. पुरण फरशीवर. “चालू झालं,” काकू म्हणाली.

तो फाटका तसाच भाजून बाजूला ठेवला. दुसरी पारी घेतली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. उजेड पलीकडून आला तसं दिसलं. मधे पातळ होत चाललं होतं, आणि डाव्या मनगटापाशी जाडच्या जाड राहिलं होतं. मी मधे बघितलंच नाही. हात जाडाकडे नेला, पारीचं वजन तिकडे पडू दिलं, पुन्हा शोधलं, पुन्हा नेला. काकूचं बोलणं केव्हा थांबलं मला कळलं नाही. मांडा खापरावर गेला तेव्हा तो हातावरून कसा गेला, हे या वेळीही मला दिसलं नाही.

काकूनं तो उतरवून घेतला, एका हातानं उचलून उजेडात धरला.

“कोर जाड राह्यली,” ती म्हणाली. मग उलटून दुसरी बाजूही बघितली. “पन फाटला नाई वं. तुह्या मायले दाखवाले चालते.”

तिनं त्याची घडी घातली. घागर भरली होती, तिच्या तोंडावर आंबा ठेवला होता. पानावर मांडा वाढला, शेजारी रसाची वाटी. आम्ही दोघींनी हात जोडले. काकू आईला काहीतरी म्हणाली, हळू आवाजात, पण सूर भांडणाचाच होता.

जेवायला बसलो तेव्हा मी तो पहिला, फाटका मांडा माझ्या ताटात घेतला. काकूनं हात पुढे करून त्यातला अर्धा तोडला आणि वर रस ओतून घेतला.